मागचं डावं चाक

१

डॅशबोर्डवरच्या सगळ्या दिव्यांत एबीएसचा दिवा सगळ्यात बिचारा. ऑइलचा दिवा लागला की लोक गाडी जागच्या जागी थांबवतात, इंजिनाचा लागला की फोन करकरून मिस्त्रीला भंडावून सोडतात. हा मात्र पिवळाधमक जळत राहतो आणि गाडीचा मालक त्याच्याकडे काणाडोळा करून महिनोन्महिने हिंडत असतो. ब्रेक लागतोय ना? मग झालं तर. काही महाभाग वर काळी टेप चिकटवतात आणि दुखणं बरं झालं असं समजतात.

मिस्त्रींना हा बिघाड आवडायचा. गाडीच्या चारही चाकांपाशी एकेक छोटा सेन्सर असतो. आपलं चाक किती वेगानं फिरतंय ते तो आतल्या कॉम्प्युटरला सतत सांगत असतो. करकचून ब्रेक दाबल्यावर एखादं चाक अडकून घसरायला लागलं, तर कॉम्प्युटर त्याचा ब्रेक क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो आणि गाडी सरळ ठेवतो. चारांतला एक सेन्सर जरी गप्प बसला तरी दिवा लागतो. मग स्कॅनर जोडायचा, कोण रुसलंय ते बघायचं, चाक खोलायचं आणि त्याला बोलतं करायचं. मिस्त्रींच्या भाषेत, ही समजूत काढायची कामं.

त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबोडकी शेड. पुढच्या खोलीत त्यांची बायको शिलाई मशीनवर सीटकव्हरं शिवायची. तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. मध्ये गाडी वर उचलायची लिफ्ट. मागे एक अंधारी खोली, तिथे बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस. मशीनची खडखड, पान्यांची खणखण आणि प्रेसच्या दांड्याची करकर, या तीन आवाजांवर शेडचा दिवस चालायचा. गेल्या वर्षापासून तिसरा आवाज जवळजवळ बंद पडला होता, कारण प्रेसवर त्यांची लेक काम करायची.

लेक डावखुरी. घरात, गॅरेजात, गिऱ्हाइकांत, सगळीकडे ती डावरी याच नावानं ओळखली जायची आणि तीही त्या नावाला खुशाल ओ द्यायची. शाळा संपल्यावर आईची आदळआपट कानाआड करून ती बापाच्या हाताखाली रुजू झाली आणि बघता बघता बापाच्या तोडीची झाली. मग तिला ताप आला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, तो साधा नव्हता, आणि आठवड्याच्या आत ती गेली. एकुलती एक होती. मिस्त्रींनी लगेचच गॅरेज उघडलं, कारण घरात बसवत नव्हतं. लोकांना वाटलं, काय दगडाच्या काळजाचा माणूस आहे.

एके दिवशी सकाळी सिस्टर आली. ही घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करणारी नर्स. जिभेनं तिखट, पण कुणाच्याही अडीअडचणीला धावणारी.

"मिस्त्री, तो पिवळा दिवा लागलाय बघा. जळतोय तो जळतोयच मेला."

"ब्रेक लागतो ना?"

"लागतो हो. पण माझे निम्मे पेशंट टेकडीवर. उतरताना तो दिवा डोळ्यांत खुपतो. मी आडवी झाले तर त्यांना इंजेक्शन तुम्ही देणार का?"

मिस्त्री हसले. स्कॅनर जोडला, तिला शेजारी बसवून गल्लीत एक चक्कर मारली. तीन चाकांचे आकडे गाडीबरोबर चढत-उतरत होते. चौथ्याचा शून्यावरून हलायला तयार नव्हता.

"मागचं डावं," मिस्त्री म्हणाले. सिस्टरच्या गाडीचं मागचं डावं बेअरिंग डावरीनं बसवलं होतं. तिच्या हातचं ते शेवटचं काम.

२

सिस्टर गेल्यावर त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, चाक काढलं, ब्रेक सोडवला, चाक ज्यावर बसतं तो हब बाहेर घेतला. सेन्सर ठणठणीत होता. वायर धडधाकट होती. ती त्यांनी टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपून पाहिली. राहता राहिलं बेअरिंग.

या बेअरिंगच्या एका बाजूला रबराखाली चुंबकाचं बारीक कडं लपवलेलं असतं. सेन्सर ते कडं वाचतो. म्हणून चुंबकाची बाजू आत, सेन्सरकडे यायला हवी. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच काळ्या, त्यामुळे डोळ्यांनी फसायला होतं. मिस्त्रींनी पुढच्या खोलीत जाऊन बायकोच्या टाचण्यांच्या उशीवरची एक टाचणी उचलली. ती आतल्या बाजूला लावली, तर घरंगळून खाली पडली. बाहेरच्या बाजूला लावली, तर चिकटली.

बेअरिंग उलटं होतं.

ही डावरीची जुनी चूक. जगातले सगळे फिटर प्रेसच्या एका बाजूला उभे राहून उजव्या हातानं दांडा मारतात. ती पलीकडे उभी राहून डाव्यानं मारायची आणि त्या नादात बेअरिंग पालथं पडायचं. शिकत असताना दोनदा तिनं असं केलं, दोनदा बापाबरोबर सगळं पुन्हा खोललं. त्यानंतर ती केसातली पिन काढून आधी बेअरिंगला लावून बघायची आणि मगच दाबायची. पुन्हा कधी चुकली नाही.

मिस्त्री हब हातात धरून स्टुलावर बसले. शेवटच्या दिवसांत अंगात ताप असेल, पोरीचं लक्ष नसेल, झालं असेल. त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ती पटायच्या आत मोडूनही पडली. उलटं बेअरिंग बसवलं तर दिवा गॅरेजच्या फाटकापाशीच लागतो. ही गाडी वर्षभर विनातक्रार चालली होती. टेकड्या चढून-उतरून आली होती.

त्यांनी सिस्टरला फोन लावला. "मध्यंतरी दुसरीकडे कुठं खोललं होतंत का चाक?"

"तुमच्याशिवाय माझ्या गाडीला हात लावेल कोण? पंक्चरसुद्धा झालेली नाही. का हो?"

"काही नाही. सहज विचारलं."

त्यांनी नवं बेअरिंग आणलं, दोन्ही बाजूंना टाचणी लावून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली आणि प्रेसवर दाबलं. दिवा गेला. संध्याकाळी मिस्त्रीणबाईनं विचारलं, "टाचणी कशाला नेली होती?" त्यांनी तिला काही सांगितलं नाही. जुनं बेअरिंग भंगाराच्या डब्यात टाकायला गेले आणि खिशात घालून परत आले.

३

पुढच्याच आठवड्यात सिस्टर फाटकात हजर. कमरेवर हात.

"मिस्त्री, तुमचा दिवा परत लागला."

"माझा कसला, तुमचाच."

"मग तुम्ही केलंत काय? नुसतं पुसून दिलंत?"

पुन्हा तेच चाक. पुन्हा शून्य. मिस्त्रींनी आता थेट टाचणीच घेतली. बेअरिंग सुलटं होतं. मग वायरीवरून बोट फिरवत वर गेले आणि चाकावरच्या कमानीच्या आत त्यांचं बोट थांबलं. तिथे एक गाठ होती.

वायर कापून पुन्हा जोडलेली होती. दोन टोकं नुसती पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली. टेपचे वेढे उलट्या दिशेनं गेले होते, डाव्या हातानं गुंडाळल्यावर जातात तसे. आणि शेवटचं टोक दुमडून त्याला छोटासा कान काढलेला होता.

हे तिचं पहिल्या दिवसांतलं काम. तेव्हा अजून सोल्डरचा डाग द्यायला शिकली नव्हती, वायरी पिळून टेप मारायची. बापानं एकदा चिडवलं होतं, "हा कान कशाला? टेप काय ऐकणार आहे?" तर फणकाऱ्यानं म्हणाली होती, "पुढच्या माणसाला टोक सापडायला नको? नखं तुटतात बाबा तुमच्या टेपा सोडवताना."

मागच्या आठवड्यात ही वायर अखंड होती. मिस्त्रींनी टेप बोटांच्या चिमटीत धरली. ती ताजी होती, चिकट होती.

आता माणूस शहाणा असला तर आधी स्वतःवरच संशय घेतो. मिस्त्रींनीही घेतला. दुःखानं माणसं काय काय करतात आणि विसरतात. आपणच केलं असेल. त्यांनी वायरीचे दोन तुकडे घेतले आणि डाव्या हातानं टेप गुंडाळायला बसले. टेप बोटांना चिकटली, सुरकुतली, तिचा बोळा झाला. दुसरी घेतली, तिचाही झाला. कान तर काही केल्या निघेना. शेवटी त्यांनी सगळं बाजूला ठेवलं आणि तोंडावर हात घेऊन पोटभर रडले. पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं, थोडा वेळ थांबून राहिलं आणि पुन्हा सुरू झालं.

खरं सांगायचं तर ते रडणं निव्वळ दुःखाचं नव्हतं. त्यांना आनंद झाला होता. वायर नीट जोडून त्यांनी गाडी परत दिली आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा बिघडून येण्याची वाट बघायला लागले. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की हातातलं काम टाकून फाटकाशी जायचे. आपण हे काय मागतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

४

या खेपेला गाडी टोचन करून आणावी लागली. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणून मिस्त्री जास्त घाबरले.

"मी उतारावर होते मिस्त्री," ती म्हणाली. "दिवा लागला. तुमचं नाव घेऊन चार शिव्या घातल्या आणि म्हटलं, हळू जाऊ. तेवढ्यात मागून थडथड आवाज यायला लागला. थांबून बघते तर चाक हलतंय. हातानं हलतंय."

मिस्त्री खाली बसले. चाकाचे सगळे नट जागेवर होते, पण सगळे उलटे लावलेले. नटाची निमुळती बाजू आत असावी लागते, म्हणजे तो खाचेत घट्ट बसतो. इथे निमुळत्या बाजू बाहेर होत्या आणि नट नुसत्या बोटांनी फिरवलेले. पाना लागलेलाच नव्हता.

"पाणी देऊ का सिस्टर?" त्यांनी विचारलं.

डावरी प्राथमिक शाळेत होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी गॅरेजात यायची. चाक लावायची पाळी आली की नट माझे, मी लावणार, असा हट्ट धरायची. जीभ बाहेर काढून एकेक नट बोटांनी फिरवायची, सगळे उलटे. मग ती दुसरीकडे पळाली की मिस्त्री गुपचूप काढून सुलटे लावायचे आणि पान्यानं आवळायचे.

आधी बेअरिंग. मग टेप. मग नट. मिस्त्रींनी मनातल्या मनात हे तीन बिघाड ओळीनं मांडले. लेक मागे मागे चालली होती. दर दुरुस्तीला थोडी लहान होत होती. शिकलेलं एकेक हातातून गळत होतं. आपण बिघाड काढला की ती आणखी मागे सरकत होती. आणि जिच्या हातात आता हे चाक होतं, तिला ब्रेक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

"ही गाडी आता रस्त्यावर जाणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही माझी व्हॅन वापरा."

"किती दिवस?"

"सांगतो."

सिस्टरनं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. माणसं वाचायची तिला सवय होती. "मिस्त्री, तुम्ही जेवताय ना वेळेवर?" एवढंच विचारून ती व्हॅनची किल्ली घेऊन गेली.

५

गाडी शेडच्या कोपऱ्यात, भिंतीला डावी बाजू करून उभी राहिली. मिस्त्रींनी नट काढून सुलटे लावले, पान्यानं आवळले, किल्ली फिरवून दिवा नाही याची खात्री केली. किल्ली खिशात. फाटकाला कुलूप.

सकाळी किल्ली फिरवली तर दिवा जळत होता.

चाक काढलं. सेन्सर जागेवरून उपसून वायरीला लोंबत ठेवला होता आणि त्याच्या भोकात चिखल कोंबलेला होता. ओला, गार, नुकता कालवलेला. अगदी लहान असताना तिचा हा आवडता धंदा. दिसेल त्या भोकात माती भरायची आणि टाळ्या पिटत सांगायचं, "पंक्चर काढलं!" किल्लीच्या भोकात, नळीत, बापाच्या चपलेत. सगळ्या घराचं पंक्चर काढून ठेवलं होतं तिनं.

चिखलावर बोटांचे ठसे होते. मिस्त्रींनी आपली करंगळी त्यातल्या एका ठशावर टेकवली. करंगळीचं टोकसुद्धा त्यात मावलं नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीत प्रेसपाशी काहीतरी पडलं. एक नट फरशीवरून गडगडत गेल्याचा आवाज, आणि मग तो थांबायच्या आत कुणीतरी पटकन उचलल्यासारखी शांतता. गडगडत जाणारी वस्तू शेवटी गिरक्या घेत आडवी पडते, तिचा एक आवाज असतो. तो आलाच नाही. मिस्त्री दारापर्यंत गेले. आतला दिवा लावायचं बटण हाताशी होतं, पण त्यांचा हात उचलेना. दारात उभं राहून हळूच म्हणाले, "तोंडात घालू नकोस हं तो."

ते परत गाडीपाशी आले. चिखल तसाच ठेवून त्यांनी वर चाक चढवलं.

दुरुस्ती केली की ती मागे जाते. मग दुरुस्ती करायचीच नाही. दिवा जळत राहू दे, पोर आहे तिथे राहू दे, चिखलात खेळू दे. उभ्या आयुष्यात त्या माणसानं सापडलेला बिघाड तसाच ठेवून चाक बंद केलं नव्हतं. त्या दिवशी केलं आणि त्याला हायसं वाटलं.

मग रोज सकाळी आल्या आल्या किल्ली फिरवायची, दिवा आहे ना बघायचा आणि कामाला लागायचं, असा नेम सुरू झाला. मधूनच गाडीपाशी जाऊन ते काहीबाही बोलायचे. सिस्टरचे फोन टाळायचे. सामान आलं नाही, म्हणून थाप मारायचे. एकदा तिनं सुनावलंच, "तुमची व्हॅन म्हणजे हत्ती आहे. पेशंटच्या गल्लीत शिरत नाही. पिशव्या घेऊन चालत जाते मी. माझी गाडी चंद्रावरून येणार आहे का?"

६

मिस्त्रीणबाई काही आंधळी नव्हती. एका दुपारी तिनं मशीन बंद केलं आणि सरळ कोपऱ्यात येऊन उभी राहिली. मिस्त्री चाकाजवळ उकिडवे बसून बोलत होते.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही."

"अहो, मी ऐकतेय कितीतरी दिवस. आधी वाटलं तुमचं डोकं फिरलं. मग परवा माझ्या मशीनच्या तेल घालायच्या भोकात माती सापडली."

मिस्त्रींना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी तिला सगळं सांगितलं. बेअरिंग, टेप, नट, चिखल. खिशातून ते जुनं बेअरिंग काढून तिच्या हातात दिलं. ती ऐकत राहिली.

"आता मी हात लावत नाही," मिस्त्री शेवटी म्हणाले. "हात नाही लावला तर ती इथेच राहील. एवढीशी. चालेल मला."

"तुम्हाला चालेल."

"म्हणजे?"

"तिला नको का चालायला? मातीत हात घालून एकटी बसलीय. कुणी उचलून घेत नाही, कुणी हात धुवत नाही. दिवसभर मी तिथे सीटकव्हर शिवतेय आणि ती इथे." तिचा आवाज फुटला. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. तिच्या हातचं काम तुम्हाला दिसलं, तिचे नट तुम्हाला दिसले. ती मोठी झाल्यावर तुमचीच होती हो, सगळी तुमची. गॅरेज गॅरेज गॅरेज. त्याचं मला काही वाटलं नाही. पण आता यापुढची माझी आहे."

"यापुढे काही नाहीये, अगं. यापुढे ती रांगेल आणि मग... मग संपेल सगळं."

"माहितीये मला. मीच जन्म दिलाय ना तिला?" तिनं डोळे पुसले. "मला एकदा द्या. अंगावरची होती तेवढी. एकदाच घेते. मग जाऊ दे."

मिस्त्रींनी मान हलवली, नाही म्हणून. एकानं धरून ठेवायचं म्हटलं होतं, दुसरीनं शेवटचं मागितलं होतं, आणि दोघांचंही बरोबर होतं. शेवटी मिस्त्री उठले आणि त्यांनी पाना घेतला.

७

त्यांनी चाक उतरवलं. चिखल खरवडून काढायला जीव होईना, तेव्हा बायकोनं कोमट पाणी आणलं आणि बाळाचे कान पुसावेत तसं ते भोक कपड्यानं हलक्या हातानं स्वच्छ केलं. मिस्त्रींनी सेन्सर बसवला, चाक लावलं, नट आवळले. मग ते गाडीत चालकाच्या जागेवर बसले, स्कॅनर मांडीवर घेतला आणि किल्ली फिरवली. मिस्त्रीणबाई चाकाशेजारी, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली.

चार चाकं, चार शून्यं. दिवा बंद. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. पत्रे उन्हानं तडतडत होते.

मग मागच्या डाव्याचा आकडा हलला. एक. शून्य. एक. पुन्हा शून्य. थोडा थांबला, जसं दमून बसावं. मग दोन, एक, एक. गाडी जागेवर उभी होती. पिवळा दिवा लागला. मिस्त्रींना तो वेग ओळखू आला. असं गॅरेजभर, हातापायांना ग्रीस फासून, या टोकाकडून त्या टोकाला कोण जायचं ते त्यांना ठाऊक होतं.

डावीकडच्या आरशात त्यांना बायको दिसत होती. तिनं हात पुढे केले होते. मग ते हात उचलले गेले आणि कोपरात वाकले, आणि तिचा एक खांदा वजनानं खाली आला. मांडीवरचं कापड कशानं तरी दाबलं जाऊन खोल गेलं. क्षणभर, तिच्या दंडाखालून, काळं माखलेलं एक तळपाऊल आरशात आलं. अगदी इवलंसं. बोटं आखडली, सुटली. तिनं हात सारून ते झाकून घेतलं.

मिस्त्रींनी मान वळवली नाही. वळवली तर आरशातलंही जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि आरसा पुसावा तसे ते डोळे पुसत होते.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता. "झोपतेय. बोलू नका."

स्कॅनरवरचा आकडा शून्यावर येऊन थांबला होता, दिवा मात्र जळत होता. आरशात मिस्त्रीणबाई पुढे-मागे हलत होती. तिचे हात हळूहळू आत येत होते.

"लहान होतेय हो," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"किती?"

"माझ्या तळहातावर मावतेय."

"घट्ट धर."

"घट्ट धरता येत नाही. घट्ट धरण्याइतकी राहिली नाही ती." तिच्या दोन्ही तळव्यांची ओंजळ झाली, ओंजळ मिटली, आणि मिटलेले हात तिनं पोटाशी नेऊन धरले. ती तशीच वाकून राहिली.

दिवा विझला.

मिस्त्रींनी स्कॅनर बाजूला ठेवला. आता काही करायचं उरलं नव्हतं. गाडी ठीक झाली होती, संध्याकाळी सिस्टरला फोन करता आला असता. त्यांनी सवयीनं किल्ली बंद केली आणि सवयीनंच पुन्हा फिरवली. किल्ली फिरवली की गाडी आपले सगळे दिवे एकदा लावून बघते, चालतात की नाही म्हणून. पिवळा दिवा लागला, क्षणभर राहिला आणि इतरांबरोबर विझला. मिस्त्रींनी किल्ली बंद केली. पुन्हा फिरवली. दिवा लागला, विझला. पुन्हा फिरवली.

पलीकडचं दार उघडलं. मिस्त्रीणबाई आत येऊन शेजारच्या सीटवर बसली. तिचे हात अजून पोटाशी होते. तिनं एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या हातातल्या किल्लीकडे. आता आवरा, असं तिच्या तोंडून येईल, या भीतीनं मिस्त्रींनी हात खाली घेतला.

"अहो," ती म्हणाली, "अजून एकदा लावा."